नव्वदचे चाळीस

आधी चहा संपवा, मग सांगते. ऐकताना ठसका लागला तर पुन्हा माझ्यावरच यायचं, अन् माझ्या नावावर आधीच एक गुन्हा जमा आहे.

त्या साली पाण्याचे लई हाल होते बघा. आमची बिल्डिंग शेंद्र्याच्या रस्त्याला, नवीकोरी. लिफ्ट आहे (बादल्यांना मनाई), झगमग गेट आहे, फक्त नळाला पाणी नाय! आठ दिवसांतून एकदा टँकर. त्या दिवशी अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन जिन्यात. आता जिन्यात बसल्यावर माणसानं कान कुठं ठेवायचे, सांगा?

वरच्या पायरीवर शेजारच्या जोशीवहिनींची मुक्ता अन् तिचा मित्र समीर. दोघं मोबाइलमधल्या गेमवरून तावातावानं बोलत होती. गेम कसला? एक पोरगी डोक्यावर घागर घेऊन गच्च्यांवरून उड्या मारत पाणी आणायला जाते. (म्हटलं, त्याला मोबाइल कशाला? खाली उतरा की!) अन् गेम एकदम मिळत नाय, भागाभागानं विकतात. पहिला येऊन गेलेला, आता दुसऱ्याचं चाललेलं.

"नव्वद रुपये बहोत होते यार," समीर म्हणाला. "डेढ घंटे में खेल खतम!"

"ते कळतंय रे. पण ती उडी बघ ना! बटन दाबलं की पोरगी आधी विचार करते, मग उडते. तोवर खड्ड्यात."

"अन् पडली की सीधा पहिल्या गच्चीवरून सुरू. कोण खेळणार?"

माझा जीव तुटला हो! मी फुलंब्रीची, दहावीपर्यंत शिकलेली. पण शहागंजच्या बाजारात तीस वर्षं खरेदी केलीय. तिथला नियम एकच: मालात खोट काढतो तो गिऱ्हाईक. साडीवर डाग पडला तरी दुकानदार म्हणतो, "ताई, डिझाइन आहे!" विकणारा स्वतःच्या मालाला नावं ठेवतो, असं बघितलंय का कधी? म्हणजे ही लेकरं गिऱ्हाईक, अन् कुणीतरी त्यांना लुटतंय.

"आण इकडं," म्हणत मी पण खेळून बघितलं. चौदा घागरी फोडल्या.

तेवढ्यात टँकर आला. "काकू, फोन धरा जरा!" म्हणत दोघं खाली पळाली. अन् फोन वाजला.

"नमस्कार, पुण्याहून बोलतोय. मुक्ता मॅडम आहेत का? दुसऱ्या भागाच्या किमतीचं—"

आला! चोर स्वतःच्या पायानं आला!

"मॅडम पाण्याला गेल्यात. मी घरचीच आहे. नव्वद कशाचे हो?"

"नाही, मी तेच कळवायला—"

"काय कळवता? मी खेळलेय! बटन दाबल्यावर भाकर भाजून होते, तोवर ती पोरगी जागची हालत नाय. पडली की पुन्हा पहिल्यापासून. अन् दीड तासात खलास! ह्याचे नव्वद?"

"मॅडम, तुम्ही आपल्याच गेमबद्दल बोलताय ना?"

"मग कुणाच्या? चाळीस!"

"चाळीस? पण आम्ही तर—"

"एक रुपया वर नाय. परवडत नसंल तर राहू द्या, दुसरं दुकान बघतो आम्ही!" अन् शहागंजच्या रीतीनं पाठ फिरवून दोन पायऱ्या उतरले. फोनवर दिसत नाय, पण सवय!

"बरं बरं... तुमचीच तशी इच्छा असेल तर चाळीस."

इतक्या लवकर मानला? छे, तीस म्हणायला पाहिजे होतं!

मुक्ता बादली घेऊन वर आली, तसं मी जाहीर केलं, "पेढे आण पोरी! नव्वदचे चाळीस केले!"

सगळं ऐकलं अन् तिच्या हातातली बादली सुटली. त्या दुष्काळात! अर्धा जिना भिजला, पण ती तिकडं बघेना.

"काकू, तो गेम मी बनवलाय. नोकरी सोडून दीड वर्षं तेच करतेय. हे पुण्याचे लोक तो त्यांच्या मोबाइलवरच्या दुकानात विकायला ठेवणार आहेत, एकेक नव्वदला. नव्वद मान्य आहेत, हे सांगायला फोन केला असेल त्यांनी!"

"मग स्वतःच्या मालाला नावं कशाला ठेवत होतीस गं?"

"दुरुस्त करायला, काकू!"

समीर पायरीवरच बसला. "काकू, तुम हमारी तरफ से थे ना?"

मला धरणी पोटात घेईना. मुक्तानं डोळे पुसून परत फोन लावला. माणूस भला निघाला. त्यानं मी दाखवलेल्या सगळ्या चुका कागदावर उतरवून घेतल्या होत्या. म्हणाला, पंधरा दिवसांत एवढं सुधारा, नव्वदला विकतो. नायतर चाळीसलाच.

मग काय! ते पंधरा दिवस ती दोघं गेमला चिकटलेली, अन् जोशांच्या बादल्या तीन मजले मी चढवल्या. वर दोघांना दोन वेळच्या भाकरी. गुडघे अजून आठवण काढतात. पण नव्वदचा भाव मिळाला!

अन् मग आला तिसरा भाग. मुक्तानं स्वतः आणून दाखवला. पोरगी उडी मारून गच्चीवर येते, तर समोर पदर खोचलेली एक जाडजूड बाई. तिच्यावरून उडी जात नाय, बाजूनं वाट नाय. "कुठं निघालीस? कोण आलं होतं?" सगळी उत्तरं देईस्तोवर हटत नाय. तोवर घागर गळते.

म्हटलं, "ही कोण गं?" मुक्ता नुसती हसली.

लोकांनी म्हणे शिव्यांचा पाऊस पाडला. गेम झकास, पण ती बाई काढा!

"मग काढलीस का?"

"काढली ना काकू. पण बिनबाईचा गेम हवा असेल तर वीस रुपये जादा."

सगळ्यात जास्त तोच खपतोय. अन् त्या विसावरून अजून एकानंही घासाघीस केलेली नाय.