दोन तासांचे भाषण आणि सहा पेट्या

दस्तगीर मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की खुर्चीकडे न जाता आधी भिंतीकडे जात. खिडकी, कौलांतली फट, मोरीचे भोक, सगळीकडे तळहात धरून वारा कुठून येतो आणि कुठून जातो ते बघत, मगच बसत. एका वकिलांच्या नव्या बंगल्यात त्यांनी अशीच पाहणी केली आणि चहा येण्याआधी निकाल दिला, "घर झ्याक हाय, पर मानसं उबणार हितं." वकिलांनी त्यांना पुन्हा बोलावले नाही.

मिस्त्रींचे सुतारकाम कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. दारे-खिडक्या हा धंदा आणि मधमाश्या हे वेड. पेठेच्या दाटीत शेजारी मधपेट्या ठेवू देईनात, म्हणून त्यांनी आपल्या सहा पेट्या आमच्या शाळेच्या परसात, जांभळीखाली आणून मांडल्या होत्या. शाळा सायकलने तासाभराच्या गावात होती. गावाचे नाव सांगत नाही. मी तिथे मराठी शिकवत असे. ही गोष्ट सत्तर सालाच्या आसपासची.

दर रविवारी मिस्त्री सायकलवरून येत. पेटी उघडण्याआधी तिला कान लावत. आत किती गर्दी आहे हे त्यांना आवाजावरून कळे. पावसाळ्यात फुले नसतात, माश्या कमी होतात. तेव्हा ते रिकामी पोळी काढून घेत आणि मध्ये फळी उभी करून घर लहान करत. पेटी पुढच्या बाजूला जराशी कलती ठेवत, म्हणजे आत आलेले पाणी दारातून निघून जाई. झाकणाखाली लाकडाच्या दोन बारीक चिपा सरकवत, आतली दमट हवा बाहेर पडावी म्हणून. थंडीत दार बोटभर ठेवत. जांभळी फुलल्या की वरचा मजला चढवत. उन्हाळ्यात दार सताड उघडे आणि झाकणावर ओले पोते.

मी एकदा विचारले, मोठे घर बांधून द्यावे आणि मोकळे व्हावे, दर महिन्याला ही उठाठेव कशाला? ते म्हणाले, "मास्तर, माशीला घर अंगाबरोबर लागतंय. ढगळ झालं की किडा शिरतोय, आवळ झालं की ती उडून जातीया. तुमास्नी पायजे तेवढं न्हवं, तिला पायजे तेवढं."

आमच्या हेडमास्तरांना मात्र सगळे ढगळच आवडे. जिल्ह्याचे एक मोठे साहेब शाळेला भेट देणार असे कळल्यावर त्यांनी जांभळीखालच्या सहा पेट्यांचे नाव 'आदर्श मधुवन' ठेवले. पेट्यांना पिवळा ऑइलपेंट लावून घेतला. पेंटरने झाकणाखालच्या फटीही लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून गुळगुळीत केल्या. पेट्या भव्य दिसाव्यात म्हणून सहाही दुमजली करवल्या आणि सावलीतून उचलून मांडवासमोर, चैत्राच्या उन्हात, ओळीने मांडल्या.

मिस्त्रींनी हात जोडून विरोध केला. हेडमास्तर म्हणाले, जमत नसेल तर पेट्या घेऊन जा. दुसरी जागा नव्हती. शेवटी मिस्त्रींनी लांबी खरवडण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, रंग बिघडला असता. मग दोन अटी घातल्या: दारे पूर्ण उघडी राहतील आणि वर ओली पोती राहतील. हेडमास्तरांनी दोन्ही मान्य केल्या. मान्य करायला त्यांना कधीच काही लागत नसे.

समारंभाच्या दिवशी मिस्त्रींना सत्कारासाठी कोट घालून व्यासपीठावर बसवले. ते बसल्यावर हेडमास्तरांच्या हुकमाने शिपायाने पोती काढली, कारण ती फोटोत वाईट दिसत. साहेबांना माशी चावू नये म्हणून सहाही दारांत कापसाचे बोळे कोंबले.

साहेब बोलायला उभे राहिले. विषय होता मधमाशीपासून घ्यायचा बोध. शिस्त, एकजूट, निःस्वार्थ सेवा, काही सुटले नाही. भाषण दोन तास चालले. पहिल्या पंधरा मिनिटांतच मिस्त्री अस्वस्थ झाले. पोती गेली होती आणि दारांत माश्यांची ये-जा दिसत नव्हती. ते तीनदा उठले आणि तीनदा हेडमास्तरांनी त्यांना कोट धरून खाली बसवले. पाहुणे बोलत असताना उठणे हा अपमान होता. गुदमरून मरणे हा कुणाचाच अपमान नव्हता.

भाषण संपत आले तेव्हा पहिल्या पेटीच्या तळातून मधाची धार निघाली. आत मेण वितळून पोळी कोसळली होती. साहेबांनी भाषण थांबवून तिकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "पाहा, परिश्रमाचा कसा महापूर आला आहे!" मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

मिस्त्री हिसडा देऊन उठले, तेव्हा कोटाची बाही हेडमास्तरांच्या मुठीतच फाटली. त्यांनी बोळा उपसला, झाकण काढले, आत हात घातला. ओंजळीत मधाने थबथबलेल्या मेलेल्या माश्या आल्या. उरलेल्या पाच पेट्यांतही तेच. ती ओंजळ घेऊन ते व्यासपीठापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हेडमास्तर, बसा हितं. तुमच्या नाकात कापूस कोंबतो, आन दोन तास भाशान ऐकवतो."

साहेबांची मोटर गेल्यावर हेडमास्तरांनी मला बोलावले. शाळेच्या नोंदवहीत मजकूर हवा होता आणि माझे अक्षर चांगले होते. त्यांनी सांगितले, मी लिहिले: 'मधपाळाच्या अक्षम्य दुर्लक्षामुळे रोगाची लागण होऊन सहाही वसाहती नष्ट झाल्या.' हे वाक्य पंचक्रोशीतल्या शाळांत पोचले. त्यानंतर मिस्त्रींना पेट्या ठेवायला कुणी परस दिले नाही.

रिकाम्या पेट्या न्यायला आले तेव्हा त्यांनी मला ती नोंद वाचून दाखवायला लावली. मी वाचली. त्यांनी वहीवरून बोट फिरवले. "अक्षर झ्याक हाय, मास्तर. रोग कंचा, त्येवढं घालाचं ऱ्हायलं."

त्या वाक्याखाली खरे वाक्य लिहायला मला अकरा वर्षे लागली. हेडमास्तर निवृत्त झाले, त्यांची खुर्ची काही महिने माझ्याकडे आली, तेव्हा कुठे मी कापूस, पोती, ऊन आणि भाषण असे सगळे लिहून खाली सही केली. मूळ मजकूर माझ्याच हातचा होता आणि तो खोटा होता, हेही लिहिले. नक्कल घेऊन त्याच दुपारी शिवाजी पेठेत गेलो.

मिस्त्री खूप थकले होते. पुढच्या पावसाळ्यात ते गेलेच. घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या सावलीत, एकच पेटी होती. शेजारच्यांशी अकरा वर्षे भांडून मिळवलेली. ते तिच्या बाजूला उकिडवे बसून झाकणाखाली चीप सरकवत होते. मी पेटीच्या तोंडासमोर उभ्याउभ्याच नक्कल वाचून दाखवली, शेवटच्या सहीपर्यंत. मला वाटते, काहीतरी ऐकायला मिळेल या आशेने मी थांबलो होतो.

त्यांनी पेटीला कान लावला. बराच वेळ ऐकले. मग माझ्याकडे न बघताच तळहाताने मला बाजूला व्हायची खूण केली.

"जरा सरका की मास्तर. दारात हुबं ऱ्हायलाय, वारं अडलंय."