वरचे आवाज बोचतात

माझ्या मामाला त्याच्या धंद्यातले लोक ‘चाळणी’ म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावरच. चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर त्याची खोली आहे. एक टेबल, दोन मोठे स्पीकर, भिंतींना चिकटवलेले फोमचे तुकडे, आणि पाहुण्यासाठी एक खुर्ची. तिच्यावर बसायचं तर आधी वायरींचा ढीग उचलून कुठे ठेवायचा ते विचारावं लागतं.

या खोलीत बसून तो इलेक्ट्रॉनिक संगीत विक्रीसाठी तयार करतो. संगीत दुसऱ्यांचं. कुणी कॉम्प्युटरवर नाचायचे ट्रॅक बनवतं आणि मामाकडे पाठवतं. मामा ते तपासून, सजवून, डीजे लोक जिथून ट्रॅक विकत घेतात त्या ऑनलाइन दुकानांत लावतो. लोकांना वाटतं ट्रॅक झाला की झालं. मामा म्हणतो, “मूल झालं म्हणजे ते अंघोळ करून, केस विंचरून शाळेत गेलं असं होतं का?” ट्रॅकच्या सुरुवातीला नको ती शांतता राहिलेली असते, ती कापायची. आवाज उगाच फुगवलेला असतो, तो परत पाठवायचा. कलाकाराने स्वतःचंच नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलेलं असतं. मुखपृष्ठ चौकोनी हवं, त्यावर फोन नंबर नको. दुकानाच्या कुठल्या कप्प्यात ट्रॅक ठेवायचा ते ठरवायचं, कारण चुकीच्या कप्प्यात गेलेला ट्रॅक हरवल्यातच जमा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नमुन्याचा तुकडा निवडायचा. गिऱ्हाईक तेवढाच ऐकतं आणि घ्यायचं की नाही ते ठरवतं.

मामाच्या कानातून काही सुटत नसे. आणि त्याच्या जिभेला हाड नव्हतं. एकाला त्याने लिहिलं होतं, “तुमचा ढोल छान आहे, फक्त तो शेजारच्या घरात वाजतोय.” त्या माणसाने आठवडाभर राग धरला आणि मग ढोल दुरुस्त करून पाठवला.

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टमध्ये काय बिघडलंय ते नंतर शांतपणे ऐकता यावं म्हणून पिशवीत एक छोटा रेकॉर्डर ठेवायचे. त्यातून कधीतरी त्यांना नाद लागला. दोरांची घरघर, दार बंद होतानाचा उसासा, मजला आल्यावरची टिंग, असले आवाज घेऊन ते जेवणाच्या टेबलावर जुन्या लॅपटॉपवर जुळवत बसत. आई म्हणायची, “दिवसभर लिफ्टबरोबर राहून पोट भरत नाही, म्हणून तिला घरी घेऊन येतात.” पण तीही पाय हलवत ऐकायची. त्यांनी चार ट्रॅक बनवले. पहिल्याचं नाव ‘तळमजला’, शेवटच्याचं ‘दोन मजल्यांच्या मधे’.

मामाला ते मनापासून आवडले. मेहुण्याचे म्हणून नव्हे, खरंच. “भावोजी, हे मी लावणार,” तो म्हणाला, “पण घरचं आहे म्हणून सूट मिळणार नाही हां.”

“सूट मागितलीय कुणी?” बाबा म्हणाले. “चाळ तू.”

मामाने ट्रॅक खोलीवर नेऊन ऐकले आणि दोन दिवसांनी परत पाठवले. बाकी सगळं ठीक, पण वरचे आवाज बोचतात. ठेक्यासाठी घातलेल्या झांजेचा तो बारीक ‘छिस् छिस्’ इतका पुढे आलाय की क्लबमधल्या स्पीकरवर लोकांचे कान फुटतील. कमी करा.

बाबांनी बसून बदल केले आणि पाठवले. मामाने पुन्हा ऐकले. बोच वाढलीच होती. त्याने पुन्हा लिहिलं. असं पाच वेळा झालं. मधल्या काळात इतर कलाकारांची कामं येत होती आणि मामा ती पुढे घेत होता. घरचं काम थांबतं, कुठे पळून जातंय. बाबा एकदा जेवताना म्हणाले होते, “हे जरा लवकर लागलं दुकानात तर बरं होईल.” मामा हसला. “भावोजी, घाई डीजेंना नाही, मला नाही, तुम्हालाच कशी?” बाबांनी पोळीचा तुकडा मोडला आणि विषय तिथेच राहिला.

पाचव्यांदा मात्र मामा वैतागला. तो आमच्या घरी आला तोच तावातावाने. “तुम्ही ऐकता तरी का मी काय सांगतो ते? सुईसारखं टोचतंय सगळं. तुम्हाला ऐकू कसं येत नाही?”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “अरे, आवाज खाली.”

बाबांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाले, “तू कर बाबा. तुला ऐकू येतं तसं कर.”

मामाने सगळ्या फायली नेल्या, स्वतःच्या हाताने वरचे आवाज उतरवले, मुखपृष्ठ केलं, तारीख ठरवली, दुकानांत पाठवून दिलं. काम एका दुपारचं होतं.

तारीख यायच्या आधीच बाबांचे कामावरचे जोडीदार त्यांना दंडाला धरून घरी घेऊन आले. बाबा लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते. वरून जोडीदाराने शिट्टी मारली, लिफ्ट खाली येतेय, बाजूला व्हा. बाबा हलले नाहीत. पुन्हा शिट्टी मारली. शेवटी जोडीदाराने धावत जाऊन बटण दाबून लिफ्ट थांबवली. ती बाबांच्या डोक्याच्या वर, हात पुरेल एवढ्यावर अडकली. “वहिनी,” जोडीदार म्हणाले, “यांना ऐकू आलं नाही. मी दोनदा शिट्टी मारली.”

दुसऱ्या दिवशी मामा आम्हाला गाडीतून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर बाई शांत होत्या. बाबांना काचेच्या खोलीत बसवून तपासून आल्यावर त्यांनी आम्हाला आलेख दाखवला. डावीकडून बरा चालत आलेला आणि मग उजवीकडे दरीत कोसळलेला.

“यात वरचे आवाज आधी जातात,” त्या म्हणाल्या. “शिट्टी, पक्षी, बारीक घंटा. माणसाला स्वतःला कळतंही, पण तो मानत नाही. वर्षभर तरी चाललं असेल हे. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

आई रडायला लागली. मी मामाकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, “आधी आलो असतो तर?”

“थोडं वाचवता आलं असतं. किती, ते सांगता येत नाही. आता प्रयत्न करू.”

आई-बाबांना घरी सोडून मामा मला घेऊन थेट खोलीवर गेला. वायरी खाली टाकून मला खुर्चीत बसवलं आणि बाबांच्या पाचही आवृत्त्या एकामागून एक वाजवल्या. मला संगीतातलं फारसं कळत नाही, पण हे बहिऱ्यालाही कळलं असतं, असं मी म्हणणार होते. जीभ चावली. पहिलीत झांज फक्त तीक्ष्ण होती. पुढच्या प्रत्येकीत ती आणखी चढत गेली. बिचारे बाबा ती ऐकू यावी म्हणून वाढवत होते.

“हा त्यांच्या कानाचा रिपोर्ट होता,” मामा म्हणाला. “पाच वेळा माझ्या हातात आला. मी त्यावर नापास लिहून परत पाठवला.” मग त्याने स्पीकर बंद केले.

औषधं झाली, इंजेक्शनं झाली. कान थांबले नाहीत. उन्हाळा संपेपर्यंत बाबांना यंत्र लावूनही शब्द नीट उमटेनासे झाले. नोकरीही सुटली.

ट्रॅक ठरल्या तारखेला दुकानांत लागले. दोन महिने काही हालचाल नव्हती. मग कुठल्याशा दूरच्या शहरातल्या एका डीजेने ‘दोन मजल्यांच्या मधे’ वाजवला आणि कुणीतरी काढलेला व्हिडिओ मामापर्यंत पोचला. तो धावतच आमच्याकडे आला आणि फोन बाबांसमोर धरला. खच्चून गर्दी होती. बाबांनी चष्मा लावून पाहिलं. एका जागी सगळी गर्दी थबकली आणि मग एकदम उसळली.

“इथे दार उघडतं,” बाबा म्हणाले. “बरोबर?”

मामाने मान हलवली. मग त्याने फोनवरच मोठ्या अक्षरांत लिहिलं: पहिल्याच वेळी मला कळायला हवं होतं. मी फक्त चूक पाहिली. माझ्यामुळे उशीर झाला.

बाबांनी वाचलं. ते आता स्वतःच्या नकळत मोठ्याने बोलतात, त्यामुळे ही खाजगी गोष्ट जिन्यातल्या सगळ्यांनी ऐकली. “मला कळलं होतं रे. दुसऱ्या खेपेलाच. पण तुला सांगितलं असतं तर तू बिचारा मेहुणा म्हणून पास केलं असतंस. मला तसं नको होतं.”

मामाच्या मनावरचं ओझं याने उतरेल असं आईला वाटलं होतं. उलट झालं. “एवढे ते माझ्या चाळण्याला मानत होते,” तो मला नंतर म्हणाला, “आणि मी एकदा नुसतं विचारलं नाही, की भावोजी, बरे आहात ना?”

तो अजून तेच काम करतो. चांगलंच करतो. रविवारी आमच्याकडे येतो. बाबांबरोबर पत्ते खेळतो, आणि हरला की बाबा खूश होतात म्हणून हरतोही. मागच्या रविवारी त्याने पत्ते बाजूला ठेवून विचारलं, म्हणजे लिहून विचारलं, की लॅपटॉपमध्ये जे सहा-सात अर्धे ट्रॅक पडलेत, ते तो पुरे करू का. नाव बाबांचंच राहील.

बाबांनी ते दोनदा वाचलं.

“राहू दे अर्धेच,” ते म्हणाले. “तू पुरे केलेस तर ते चांगले होतील. आणि मला कळणार नाही.”

मामाने पत्ते गोळा केले, पिसले आणि वाटायला घेतले.