दिवाळीनंतर ड्रम बंद

मी किन्हवली सोडली तेव्हा वडील एसटी स्टँडवर आले नव्हते. बरंच झालं. आई आली होती, पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. "बापावर राग धरू नको रे," एवढंच म्हणाली. गाडी सुटेपर्यंत मी गिटार मांडीवर घेऊन बसलो. राग धरला. अजून धरलाय, इथे कतारमध्ये, दोह्यात, जिथे मी एका हॉटेलच्या हॉलमध्ये साउंड सांभाळतो.

गेल्या आठवड्यात गावच्या गणपती मंडळातून फोन आला. गावच्या कलाकाराचा, म्हणजे तुझा सत्कार करायचाय, शाल-नारळ आहे, सुट्टी टाकून ये. म्हणून हे लिहितोय. गावात राहिलेल्यांनी वाचावं आणि शाळेतल्या मित्राने, नितीननेही. तो आता ठाण्यात फ्लॅट घेऊन बसलाय आणि 'झालं गेलं, सोड ना' म्हणतो.

शाळेत असताना आमचा रॉक बँड होता. किन्हवलीत रॉक बँड म्हटल्यावर तुम्ही हसायचात, हसा. नितीन गायचा, मी गिटार वाजवायचो आणि ड्रमवर किसन, कातकरी वाडीवरचा. ड्रम म्हणजे मंडळाचा जुना ढोल आडवा टाकलेला, त्याला पायाने ठोकायचं लाकडी पेडल, आणि झांजेच्या जागी पितळी झाकण टांगलेलं. आमच्या गोठ्याच्या पडवीत प्रॅक्टिस चालायची. म्हशी पान्हा चोरतात म्हणून वडील ओरडायचे. आम्ही दोघं बरे होतो, पण किसन वाजवायला लागला की रस्त्यावरची माणसं थांबायची. एरवी त्याच्याकडे कोणी बघत नसे.

आमचा बँड पावसाळी होता. भात कापून झालं, दिवाळी सरली की वीटभट्टीचा ट्रक यायचा आणि वाडी रिकामी व्हायची. किसन आईबापाबरोबर विटा पाडायला जायचा, तो थेट पावसाच्या तोंडावर परत. तोवर ढोल गोठ्यात पडून राहायचा.

त्या वर्षी मुरबाडला ऐन थंडीत ऑर्केस्ट्राची स्पर्धा होती. किसनला मागे ठेवायचं असं आम्ही ठरवलं. मी वाडीवर जाऊन त्याच्या बापाला गळ घातली. भट्टीवर दोन हात कमी पडणार होते, तरी तो कबूल झाला. "झोपडी मोकली राहंल. तुमचे घरी जेवला-झोपला त मंग ठेवतो," तो म्हणाला. मी वडिलांना न विचारता हो म्हटलं. विचारायचं काय त्यात? किसनची आई आमच्याच शेतात लावणी-कापणी करायची. तिच्या हातचा तांदूळ आमच्या पानात चालत होता.

ट्रकच्या दिवशी सकाळी किसन बोचकं घेऊन आमच्या अंगणात आला. वडील ओटीवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्यासमोरच मला म्हणाले, "वाजवायला येऊ दे रे, राहायला नाय." आवाज चढवला नाही. भाताचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी भांडलो, ओरडलो. आई दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.  किसनने बोचकं उचललं आणि तो ट्रककडे चालायला लागला.

स्पर्धेत आमचं नाव गणपती मंडळातर्फे गेलं होतं, म्हणून मंडळाने ड्रमवर सरपंचाचा पुतण्या बसवला. त्याला चार ठोके सरळ मारता येत नव्हते. नितीन त्याच्याबरोबर मुरबाडला गेला, मी गेलो नाही. पुढच्या पावसात किसन परतला, पण गोठ्याकडे फिरकला नाही. मी बोलवायला गेलो तर म्हणाला, "आता नाय वाजवाचा." बारावी होताच मी गाव सोडलं.

तर फोनवर मी विचारलं, सत्काराला किसनला बोलावलंय का?  पलीकडून आवाज आला, "कोन किसन रे?"

इथे रूमवर चार बंक आहेत. माझ्या खालच्या बंकवर एक नेपाळी झोपतो. त्याची जात मला माहीत नाही, माझी त्याला. या खोलीला घर म्हणायला जीभ वळत नाही, खोटं कशाला बोलू? आईची आठवण आली की ड्युटीवर हात चालत नाही. पण त्या ओटीलाही मी आता घर म्हणत नाही. किसनची झोपडी दिवाळीनंतर रिकामी व्हायची, तरी पावसाआधी तो परत यायचा. मी येणार नाही. शाल दुसऱ्या कोणाला तरी घाला.