गाळलेली ओळ

आमचे हे प्लंबर. तीस वर्षं लोकांच्या बेसिनखाली डोकं घालून काम केलं, पण घरात ह्यांना कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग फोनमध्ये ते एआय आलं आणि घरच्या ग्रुपवर हे एकदम शहाणे झाले. कुणाची कंबर धरली, कुणाच्या भिंतीला ओल आली, की ह्यांचं उत्तर हजर. माझी थोरली नणंद तर म्हणायची, "माझा भाऊ शिकला असता तर डॉक्टर झाला असता." की स्वारी आठवडाभर हवेत.

उत्तरं कुठून येतात ते मला ठाऊक होतं. तिथून उचलायचं, इथे चिकटवायचं. फक्त शेवटची ओळ पुसायची, ती 'डॉक्टरांना दाखवा'वाली. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "ती ठेवली तर चोरी पकडली जाईल ना." मला हसू आलं. हसले, हेच चुकलं माझं.

नणंद एका लॉन्ड्रीत रफूचं काम करायची. कोटाला पडलेलं भोक असं बुजवायची की ज्याचा कोट त्यालाही सापडू नये. एका सकाळी तिने ग्रुपवर लिहिलं, कालपासून उजव्या डोळ्यापुढे काळे ठिपके येतात, मधेच लखलखतं. ह्यांनी टाकलं, वयानुसार होतं, काळजी नको, डोळ्यांना विश्रांती दे. एआयच्या उत्तरात त्याच्याखाली होतं, अचानक सुरू झालं असेल तर आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ती ओळ नेहमीसारखी गेली.

पाच दिवस तिने विश्रांती घेतली. सहाव्या दिवशी त्या डोळ्याने दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय, पहिल्याच दिवशी आला असतात तर डोळा वाचला असता. थांबायला कुणी सांगितलं?

"कुणी नाही. मीच अंगावर काढलं," ती म्हणाली.

आणि हा बाप्या शेजारी मख्ख उभा. माझं डोकंच फिरलं. डॉक्टर बाहेर गेल्यावर मी तिला सगळं सांगून टाकलं, पुसलेल्या ओळीसकट.

तिने ऐकून घेतलं. डोळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. भावाकडे वळून म्हणाली, "आई गेली तेव्हा तू मला एवढं मोठं लिहिलं होतंस. मी अजून जपून ठेवलंय ते. तेही त्यातलंच का रे?"

ह्यांनी हातातला फोन खिशात घातला.