हळू बोलणं

आटपाडीच्या बनाबाईचा नवरा बिराप्पा हळू बोलणारा माणूस. दिवसभर मेंढरांमागं ओरडून आला तरी घरात त्याचा आवाज चुलीपलीकडं जायचा नाही. बेचाळीस साली चाऱ्यावाचून निम्मी मेंढरं गेली आणि तो तोफखान्यात भरती झाला.

तो गेल्यावर बनाबाईचं डोकं दुखायला लागलं. सकाळी मानेपासून सुरू होई आणि दुपारपर्यंत डोक्याभोवती चऱ्हाट आवळल्यागत होई. अशा वेळी तांब्या ठेवल्याचा आवाजही तिला सोसत नसे. जात्याची घरघर दातांत शिरे. माणसांचं बोलणं मात्र नीट उमगत नसे. सासू धोंडुबाई हाका मारून थकायची.

"कान गेलं काय गं तुजं?"

बनाबाईला भीती बसली. लढाई संपेल, बिराप्पा येईल, शेजारी बसून काहीतरी पुटपुटेल आणि आपल्याला ऐकूच येणार नाही.

शेवटी धोंडुबाईच तिला मोटारीनं मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी चिमट्यासारखं काहीतरी गुडघ्यावर आपटून तिच्या कानाशी धरलं. मग पाठीमागं जाऊन हळूच एकेक शब्द उच्चारला. तिनं सगळे बरोबर सांगितले.

"बाई, तुमचे कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "मान आणि खांदे सारखे ताठलेले असतात, त्यानं डोकं आवळतं. मग आवाज टोचतात आणि बोलण्याकडं लक्ष लागत नाही. कसली काळजी आहे का?"

धोंडुबाई म्हणाली, "ल्योक लढाईवर हाय माजा."

परतताना सासूनं सुनेचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं. घरी आल्यावर ती रोज गरम विटेनं तिची मान शेकू लागली. दुखणं कमी झालं, गेलं नाही.

सेहेचाळीस साली बिराप्पा आला. तो अंगणात उभा असताना बनाबाई मागून म्हणाली, "हातपाय धुवा, भाकरी वाढते." तो वळलाच नाही. तोफांच्या आवाजानं त्याला ऐकू येईनासं झालं होतं. स्वतःचाही आवाज ऐकू येत नसल्यानं तो घरात माळावर बोलावं तसा बोले. तिची कानशिलं ठणकत. एकदा तिनं त्याच्या छातीवर हात ठेवून हळू दाबला. तो समजला, ओशाळला आणि दिवस मावळेपर्यंत बोललाच नाही. पुन्हा तिनं तसं कधी केलं नाही.

शेजारी केरबा आणि शालूबाईचं घर होतं. मधे नुसता कूड. संध्याकाळी ती दोघं आपसांत बोलत बसत. बनाबाई हातातलं काम ठेवून कुडाला टेकायची. शब्द कळत नसत, नुसता पुरुषाचा खालचा आवाज यायचा. धोंडुबाई ते बघायची आणि स्वतःच भाकरीचं पीठ मळायला घ्यायची.