टँकरवरची परकी फौज

आमच्या गल्लीच्या पाण्याची राखण करायला मी शेजारच्या गल्लीतले पहिलवान बोलावले. चूक माझीच.

दुष्काळ होता. शहराच्या कडेला, पडेगावकडं नव्या वस्त्या वाढतच होत्या आणि टँकर दिवसाआड यायचा. पाइप कायम एका निवृत्त हेडक्लार्ककाकांच्या हातात. आधी त्यांचे ड्रम, मग आमच्या घागरी. मी तेव्हा कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होतो. रेडिओवर मध्य अमेरिकेतल्या चिमुकल्या देशांच्या बातम्या ऐकून एकच कोडं पडायचं: स्वतःचा हुकूमशहा हाकलणारी माणसं परक्या फौजेला घरात घेतातच कशी?

एका सकाळी गल्लीतल्या बायकांना जमवून मी क्रांती केली. काकांनी मुकाट्यानं पाइप सोडला. पण ते उलटतील, ही धास्ती मलाच बसली. म्हणून "आठवडाभर नुसते उभे राहा" असं सांगून पहिलवान आणले. पहिल्याच टँकरला त्यांनी पाइप थेट स्वतःच्या गल्लीत ओढला. उरलेल्या पाण्यानं आमच्या घागरींचे तळ तेवढे ओले झाले. माझं कोडं मात्र सुटलं. परकी फौज माणूस घाबरूनच बोलावतो.

समोरच्या मावशी रिकामा हंडा घेऊन उभ्या होत्या. मी उत्साहानं म्हणालो, "मावशी, त्या देशांचंही अगदी असंच झालं बघा."

"व्हय? पण तिथं तू नव्हतास," मावशी म्हणाल्या. "तेवढं तरी नशीब त्यांचं."