नापास चिपचे आठ पाय

११ डिसेंबर, गुरुवार. दहा ते दोन लाइन बंद राहणार असा निरोप होता, म्हणून अकरा चिपा तपासायला काढल्या. फुलचूरमध्ये लाइन गेली की लोक वैतागतात. माझं काम तेव्हाच सुरू होतं. ऑप-अँप म्हणजे माइकचा बारीक आवाज मोठा करणारी, आठ पायांची चिप. तिचा स्वतःचा आवाज किती, म्हणजे नॉइज, हे मोजायचं तर शेजारची मोटर, माझा फ्रीज, सगळं गप्प लागतं. चिप बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवायची, बॅटरीवर चालवायची, आत काही न देता तिचा आवाज हजार पट वाढवायचा. आकडा बघण्याआधी मी कानाने ऐकते. चांगली चिप एकसारखी सळसळते, पोत्यातून कोंडा ओतल्यासारखी. नापास झाली तर पक्कडीने तिचे आठही पाय मोडते, म्हणजे ती चुकून पुन्हा पुडीत जात नाही.

दहा चिपा नव्या होत्या. अकरावी चोरखमाऱ्याकडच्या एका नाटक मंडळीच्या साउंड मिक्सरमधून काढलेली. मंडळीतले एक जुने नट सकाळीच मोटरसायकलला मिक्सर बांधून आले होते आणि हलायला तयार नव्हते. आधीच्या, पाय मोडलेल्या चिपांचं ताट बघून म्हणाले, "यायले लंगडं करता काऊन, बाई?" मी कारण सांगितलं. ते हसले नाहीत.

त्यांची तक्रार अशी की स्पीकरमधून कुणीतरी ठोकतं. दोनदा, थांबून एकदा. त्यांची बायको त्यांच्यासोबतच काम करायची आणि स्टेजवर येण्याआधी विंगेतल्या माइकवर अंगठीने तशीच ठोकायची. ती उन्हाळ्यात गेली. या हंगामात ठोका आला की हे संवाद सोडून विंगेकडे बघत उभे राहतात. दोन प्रयोग पडले. उद्या पुन्हा थांबलात तर भूमिका दुसऱ्याला, असं मालकाने सांगितलं होतं.

मी वही काढली. ती चिप मीच गेल्या वर्षीच्या दिवाळीत बसवली होती. डिस्टॉर्शन त्या लॉटमध्ये सगळ्यात कमी. त्यावरच खूश होऊन नॉइज मी लाइन चालू असताना मोजला होता. चूक माझी. लाइनच्या गुणगुणीखाली काहीही लपतं. दिलेला आवाज चिप किती सरळ पुढे नेते, एवढंच डिस्टॉर्शनचा आकडा सांगतो. काहीच दिलं नाही तर ती काय करते, ते त्यात येत नाही. मागच्या हंगामात चिप ठोकत असेल तर ते त्यांच्या बायकोचंच ठोकणं समजलं गेलं असणार.

लाइन गेली. डब्याला बॅटरीवरचा छोटा स्पीकर जोडला. सळसळ, आणि तिच्यात टक. टक. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. हा दोष माहितीतला आहे. आतल्या सिलिकॉनमध्ये खोट असली की चिपमधल्या विजेची पातळी मधूनच उडी मारते आणि स्पीकरमध्ये टक होतं. घड्याळ लावून दहा मिनिटं मोजलं. ठोक्यांना क्रम नव्हता. चिपवर बोट ठेवलं, ती तापली, ठोके दाट झाले. पुस्तकात लिहिलंय तसंच. मी त्यांना तसं सांगितलं.

त्यांनी विचारलं, मी हात लावू का. लावा म्हटलं.

त्यांनी बोट ठेवलं आणि ठोके थांबले. मिनिटभर नुसती सळसळ. बोट उचललं: दोन, थांबून एक. पुन्हा ठेवलं, गप्प. उचललं: दोन, थांबून एक. असं चारदा झालं. हात गार असेल तर ठोके कमी होतात, हे खरं. पण त्यांना येऊन तीन तास झाले होते, माझ्या अंगणात ऊन तापलं होतं, आणि तो क्रम मघाच्या दहा मिनिटांत एकदाही आला नव्हता. ते चिपकडे नाही, माझ्या उघड्या दाराकडे बघत होते. मीही बघितलं. दारात कुणी नव्हतं.

"थे येऊन राहिली ना, बाई?"

"चिप खराब आहे, भाऊ. नवी बसवते."

"मंग उद्या स्टेजवर मी एकटाच."

"हो. पण भूमिका राहील."

स्पीकरमध्ये आता एकही ठोका नव्हता. मग ते उठून चपला घालताना म्हणाले, "नवी बसवा. पन हिचे पाय मोडू नोका."

दोनला लाइन आली आणि फ्रीज सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहांतली सगळ्यात शांत चिप मिक्सरमध्ये बसवली आणि तासभर नुसती चालवून ऐकली. एकही ठोका नाही. मंडळीची गाडी आली, मिक्सर चढवला. जुनी चिप पाय सरळ ठेवून काडेपेटीत घातली, वर 'नापास' लिहिलं आणि त्यांच्याच हातात द्या म्हणून ड्रायव्हरला बजावलं. मग आत येऊन रिकाम्या डब्याच्या बॅटऱ्या काढल्या. स्पीकर आधीच सोडवून ठेवला होता; रिकामा डबा काय ऐकवेल, ते मला ऐकायचं नव्हतं.